फाइल माझ्या नावाची, आजार धाकट्याचा

छोट्या माझा धाकटा भाऊ. उंची सहा फूट, वय चौतीस, तरी छोट्याच, कारण तो जन्मला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि घरात त्याला हाका मारायचं काम माझ्याकडे होतं. आम्ही दोघंही लिफ्टवाले. लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबणारे नव्हे. लिफ्ट बसवणारे, उघडणारे, दुरुस्त करणारे. हा फरक लोकांना समजावता समजावता माझी अर्धी हयात गेली. तीन वर्षांपूर्वी लिफ्टच्या खड्ड्यात पडून माझा गुडघा कामातून गेला, तेव्हापासून मी कंपनीच्या गोदामात बसतो, सुटे भाग देतो आणि सकाळी कोणी कुठल्या इमारतीत जायचं त्याचे कागद वाटतो. छोट्या मात्र अजून शाफ्टमध्ये, लिफ्ट वरखाली होते त्या विहिरीत. डब्याच्या छतावर उभा राहून दोर तपासताना शीळ घालायचा. मी कितीदा झापलं असेल की अरे, तिथं शीळ कसली घालतोस, कान उघडे ठेव. तर म्हणायचा, "दादा, मी घाबरलो नाही हे लिफ्टला कळायला नको का?" असला नग.

आता जे सांगणार आहे त्यात माझी अक्कल कुठं कुठं शेण खायला गेली ते तुम्हाला दिसेलच. मध्ये थांबवू नका. मला हे एकदाच सांगता येईल.

पहिली फिट त्याला घरी आली, सकाळी दाढी करताना. त्याच्या बायकोनं मला फोन केला. ती शाळेत गणित शिकवते, कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी तिच्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता. मी पोचलो तर हा न्हाणीघराच्या दारात बसलेला, अर्ध्या गालावर फेस तसाच, आणि मलाच विचारतो, "दादा, तू आज कामावर नाही गेलास?" तीन आठवड्यांनी दुसरी फिट, जेवणाच्या टेबलावर. तेव्हा मी समोरच होतो. माझ्या डोळ्यांदेखत तो वाकडातिकडा झाला, हातपाय झाडायला लागला. अडकलेल्या लिफ्टमधून मी आजवर शंभर माणसं ओढून काढली असतील, पण त्या दिवशी त्याचं डोकं मांडीवर घेऊन नुसता "छोट्या, छोट्या" करत बसलो.

डॉक्टरकडे जायलाच हवं होतं. पण आमच्या धंद्यात एक गोम आहे. शाफ्टमध्ये उतरणाऱ्याला दरवर्षी तंदुरुस्तीचा दाखला लागतो, आणि फिटचं नाव एकदा कागदावर चढलं की डॉक्टरांनी ते वर कळवायचं असा नियम. परवाना गेलाच म्हणून समजा. आधीच्या साहेबांच्या काळात एका वेल्डरला साखर कमी होऊन चक्कर आली होती, तर त्याच दुपारी त्याच्याकडून कपाटाची चावी काढून घेऊन त्याला घरी बसवलं. ते मी या डोळ्यांनी बघितलेलं. छोट्या रडकुंडीला आला होता. म्हणाला, "दादा, मला घरी बसवलं तर मी वेडा होईन. मला दुसरं काय येतं?" तेव्हा मी डोकं चालवलं. हे डोकं माझं होतं, त्याचं नव्हतं, एवढं लक्षात असू द्या.

मी म्हटलं, फाइल माझ्या नावानं काढू. मी गोदामात बसतो, मला परवाना लागत नाही. मला फिट येते असं लिहिलं गेलं तर माझं काय वाकडं होणार? आरोग्य कार्डावरचा माझा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा, डोक्यावर केस आहेत त्यात. तो माझ्यापेक्षा छोट्याचाच वाटतो. झालं. मेंदूच्या डॉक्टरांपुढे खुर्चीत तो बसला आणि कागदावर मी. मी बाहेर बाकावर, कारण एका नावाची दोन माणसं आत कशी जाणार? त्याच्या बायकोला मी शपथ घातली की कुठं बोलायचं नाही. ती म्हणाली, "दादा, हे मला पटत नाही." मी म्हटलं, "तुला गणितातलं कळतं, धंद्यातलं मला कळतं."

छोट्या बाहेर आला तो खुशीत. रोज घ्यायची फिटची गोळी, साधी, लाखो लोक घेतात अशी. आधी थोडी, मग दर दोन आठवड्यांनी वाढवायची. डॉक्टर काय म्हणाले, मी विचारलं. "एकही गोळी चुकवायची नाही, अचानक सोडली तर मोठी फिट येऊ शकते. आणि बरंच काय काय म्हणाले, पण दर वाक्याला तुझं नाव घेत होते ना, मला हसू आवरेना." आम्ही दोघं जिन्यात भिंतीला टेकून पोट धरधरून हसलो.

त्याला शाफ्टमध्ये मात्र मी उतरू दिलं नाही. एवढा मूर्ख मी नव्हतो. कागद माझ्याच हातात, तेव्हा तो महिना मी त्याला मशीनच्या खोलीतली आणि वायरिंगची कामं दिली. तीनेक महिने फिट आली नाही की पुन्हा पहिल्यासारखं, असा माझा हिशोब.

तिसऱ्या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांकडून फोन आला. माझ्याच मोबाइलवर येणार, फाइल माझी. मी गोदामात दाराचे रोलर मोजत होतो, समोर तीन माणसं कागदासाठी खोळंबलेली. सिस्टरचा आवाज गोड. माझं नाव घेऊन विचारते, "नवीन गोळी सुरू झाल्यापासून काही त्रास? ताप, अंगावर पुरळ, गळ्याला गाठी?" समोरची तिघं कान टवकारून ऐकताहेत. मी म्हटलं, "छे हो, मी ठणठणीत आहे. अंगावर वर्षं तेवढी आलीत." ती हसली. म्हणाली, "छान, मग काही त्रास नाही असं लिहिते. ताप किंवा पुरळ आलं तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी यायचं, बरं का." मी हो हो केलं आणि रोलर पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

त्याच सकाळी छोट्यानं कळवलं होतं की अंगात कणकण आहे, आज येत नाही. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. तिनं माझं नाव घेऊन विचारलं, मी माझं सांगितलं. निम्मं वर्कशॉप तेव्हा सर्दीतापानं शिंकत होतं. छोट्याचा ताप हा सगळ्यांसारखा ताप, आणि सिस्टरचा फोन ही कामातली कटकट. आज कितीही कपाळ बडवून घेतलं तरी ते तसंच होतं.

ताप उतरेना. घराजवळच्या डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं, पाणी प्या म्हणाले. चौथ्या दिवशी छातीवर, पाठीवर लालसर चट्टे उठले. पाचव्या दिवशी तो पलंगावरून उठेना, डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळेपणा दिसायला लागला, तेव्हा आम्ही त्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. दाखल करताना टेबलामागच्या डॉक्टरनं विचारलं, "रोजची काही औषधं चालू आहेत?" त्याच्या बायकोनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "नाही. काही नाही." इतक्या झटकन म्हटलं की मलाच बरं वाटलं. तिनं माझ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "दादा, गोळीचं काय?" मी म्हटलं, "तू तुझ्या हातानं देत राहा, चुकवायची नाही म्हणालेत. इथं सांगितलं तर त्याच्या खऱ्या नावावर लागेल. बरा होऊन घरी आला की बघू."

मग ती रोज सकाळी पर्समधून गोळी काढायची, त्याची मान उचलून घोटभर पाण्याबरोबर द्यायची. मी दाराशी उभा राहायचो, कोणी येतंय का बघत.

वॉर्ड चौथ्या मजल्यावर. तिथली लिफ्ट दुसऱ्या कंपनीची, दार बंद होताना अडखळायची, माणसाला नको तितका वेळ तिष्ठत ठेवायची. मी दिवसातून वीस वेळा वरखाली करायचो. रक्ताच्या बाटल्या खाली पोचव, औषधं वर आण, एवढंच काम मला जमत होतं. रोज रक्त काढायचे आणि रोज आकडे घसरायचे. पांढऱ्या पेशी कमी, तांबड्या कमी, रक्त गोठवणाऱ्या त्याहून कमी. सुई टोचली की ती जागा काळीनिळी. जंतूंच्या सगळ्या तपासण्या झाल्या, एकातही काही सापडेना. छोट्या तापात बडबडायचा, ब्रेक लावा, ब्रेक लावा म्हणायचा.

हॉस्पिटलातल्या तिसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर एकमेकांत बोलताना म्हणाले, "ताप आणि पुरळ." सिस्टरचा गोड आवाज कानात जसाच्या तसा उभा राहिला. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण ते पाच जण होते, घाईत होते, आणि मी स्वतःला म्हटलं, एवढे मोठे डॉक्टर आहेत, लाखो लोक घेतात त्या गोळीनं असं थोडंच होतंय? उद्या नाही उतरला ताप तर सांगू. असा मी एक दिवस घालवला. कोणाचा दिवस होता तो? माझा नव्हता.

चौथ्या दिवशी रक्ताच्या डॉक्टरांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. मध्यम वयाच्या बाई, आवाज शांत, टेबलावर चहा निवत ठेवलेला. म्हणाल्या, "कंबरेच्या हाडातली मज्जा काढून बघितली. त्याच्या शरीरात ज्या पेशी जंतूंवर सोडायच्या असतात, त्या मोकाट सुटल्यात आणि त्याचंच रक्त खाताहेत. रक्तात एक आकडा असतो, तो तीन-चारशेच्या आत असायला हवा. याचा चाळीस हजाराच्या वर आहे. यकृत, प्लीहा, सगळं सुजलंय."

"कशानं झालं?" मी विचारलं.

"कधी जंतूंनी, कधी कॅन्सरनं. ते दोन्ही आम्हाला सापडलेलं नाही. आणि कधी औषधानं. अगदी रोजच्या वापरातल्या औषधानं. क्वचित होतं, पण होतं. म्हणून परत विचारते. गेल्या दोन महिन्यांत काही नवीन औषध सुरू केलं होतं का?"

खोटं सांगतो कशाला, त्या क्षणीही माझ्या डोळ्यांपुढे त्या वेल्डरची चावी आली. मी "तसं काही..." एवढं म्हणतोय तोवर छोट्याच्या बायकोनं पर्स उघडली आणि गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. चहाच्या कपाशेजारी. दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली तशीच होती.

डॉक्टरांनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं. "हे कोण?"

"मी," मी म्हटलं.

"तुम्हाला फिट येते?"

"नाही."

त्यांनी पाकीट हातात घेतलं, किती गोळ्या संपल्यात ते बघितलं. मग आमच्याकडे न बघता विचारलं, "शेवटची कधी दिली?"

"आज सकाळी," ती म्हणाली. "सात वाजता. मी दिली."

मग ती रडायला लागली. मला वाटलं होतं डॉक्टर ओरडतील, निदान एकदा तरी आई-बापाचा उद्धार करतील. मला ते हवं होतं. त्यांनी नुसता फोन उचलला, गोळी बंद, दुसरं फिटचं औषध शिरेतून सुरू करा, स्टेरॉइडचा मोठा डोस लगेच, असं भराभर सांगितलं. फोन ठेवून मला म्हणाल्या, "आणखी काही सांगायचं राहिलंय?" मी सिस्टरच्या फोनचंही सांगितलं. रोलर मोजत होतो तेही सांगितलं, ते कशाला सांगितलं कोण जाणे. त्या ऐकत होत्या.

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

"शक्यता जास्त होती," त्या म्हणाल्या. "नक्की कोणीच सांगू शकत नाही. आता कारण काढून घेतलं तरी शरीर लगेच ऐकेल असं नाही." आणि गार झालेला चहा त्यांनी तसाच बाजूला सारला.

छोट्याला अतिदक्षता विभागात हलवलं. मी जिन्यात जाऊन साहेबांना फोन लावला. आता लपवून काय मिळवायचं होतं? सगळं सांगितलं, फिट, फाइल, कार्ड, सगळं. म्हटलं, काढायचं तर मला काढा, त्याला नको. साहेब म्हणाले, "अहो, तुमचा गुडघा गेला तेव्हा मी तुम्हाला घरी पाठवलं का? गोदामात बसवलंच ना? ब्रेक दुरुस्तीच्या टेबलावर मला सहा महिने माणूस मिळत नाहीये. त्याच्याइतका ब्रेक कोणाला कळतो? सांगायचं तरी!" मी फोन कानाला लावून तिथंच पायरीवर बसलो. मला साहेबांचा राग आला. खरं सांगतो, सगळ्यात जास्त राग त्या माणसाचा आला, एवढं चांगलं वागायचं होतं तर कपाळावर लिहून का फिरत नव्हता तो. मग कळलं की लिहिलेलंच होतं. तीन वर्षं मी त्याच्याच गोदामात बसून पगार घेत होतो.

दोन दिवसांनी ताप उतरला. छोट्याची बायको मला म्हणाली, "दादा, ताप शंभरच्या खाली आलाय," आणि वेड्यासारखी हसली. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. यकृत साथ देत नाहीये म्हणाल्या. एकेकानं आत जाऊन भेटून या म्हणाल्या. असं का म्हणाल्या ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा तो जागा होता. हळदीसारखा पिवळा, ओठ फुटलेले, पण डोळे शुद्धीवरचे. डॉक्टरांशी आणि सिस्टरशी मी काय बोललो ते सकाळीच त्याच्यापाशी कबूल केलं होतं. आता तो म्हणाला, "दादा, ऑफिसात कळलं का?"

सांगण्यासारखी एक तरी चांगली गोष्ट माझ्याजवळ होती. मी खाली वाकून म्हटलं, "कळलं. मीच सांगितलं. साहेब एका शब्दानं बोलले नाहीत. तुला वर्कशॉपात घेणार आहेत, ब्रेकच्या टेबलावर. जागा तुझ्यासाठीच रिकामी ठेवलीय."

तो हसला, आणि हसताना ओठातून रक्त आलं. "थापा," म्हणाला.

"अरे थापा नाही. आईशप्पथ."

"डॉक्टरांना मारलीस, सिस्टरला मारलीस, आता मला." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तेच तर. लहानपणी मी त्याला गोष्टी सांगायचो तेव्हा ऐकायचा तसं ऐकत होता.

"थांब, साहेबांनाच फोन लावून देतो. त्यांच्या तोंडून ऐक."

त्यानं माझं मनगट धरलं. एवढी ताकद त्याच्यात कुठून आली कळलं नाही. "नको. दादा, फोन नको. कळेल त्यांना. माझं काम जाईल." उशाशी यंत्र वाजायला लागलं. सिस्टर धावत आली, मला म्हणाली, पेशंटला त्रास देऊ नका. तो मान हलवत होता, नको, नको. मी मोबाइल खिशात टाकला.

"बरं. नाही लावत. कोणाला काही कळलेलं नाही."

त्याची पकड सैल झाली. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "तू नाही सांगणार." आणि डोळे मिटले. अगदी निवांत मिटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या फुप्फुसांत रक्त उतरलं आणि तासाभरात तो गेला. साहेब चार वाजता आले, त्याला ब्रेकच्या टेबलाचं स्वतः सांगायचं म्हणून.